गावकऱ्यांचा होमस्टे : ५ पैकी ४ स्टार, बुक करायच्या आधी वाचा

दोन रात्री राहून आलो. इथे एक मालक असा कोणी नाही, ११ घरं मिळून चालवतात आणि पाहुणे पाळीने वाटतात, म्हणजे आज या घरी तर उद्याचा पाहुणा पुढच्या घरी. त्यामुळे घर निवडता येत नाही. फोटोतलीच खोली द्या म्हणून भांडू नका (मी भांडलो, नंतर लाज वाटली).

खोली स्वच्छ, गादी बरी, नेटवर्क शून्य. अंघोळीला दोनच बादल्या! पहिल्या दिवशी जाम वैतागलो, मग काकूंनी सांगितलं की पलीकडच्या रिसॉर्टची बोअरवेल झाल्यापासून यांची विहीर उन्हाळ्यात तळाला जाते, आणि तिकडे स्विमिंग पूल भरलेलाच असतो. आता गंमत बघा, यांचाच मुलगा त्या रिसॉर्टमध्ये साफसफाईला आहे. पगार वेळेवर होतो म्हणे, पण सीझन संपला की घरी बस. मॅनेजर बाहेरचा, कुक बाहेरचा, भाजी पण ट्रकने शहरातून येते, गावातली घेत नाहीत. गाड्या वाढल्या, जमिनीचे भाव वाढले, पण ज्यांनी आधीच जमीन विकली ते आता तिथेच वॉचमन आहेत.

होमस्टेचा हिशोब मात्र फळ्यावर लिहिलेला असतो, घराला किती, गाइडला किती, गावाच्या फंडात किती. हे मला फार आवडलं. रवांडात नॅशनल पार्कच्या पर्यटनाच्या कमाईतले १० टक्के आजूबाजूच्या गावांना जातात, २०१७ च्या आधी ५ होते, पण तिथे वाटणी सरकार ठरवतं, इथे हे लोक आपापसात बसून ठरवतात. आणि शेती कोणीच सोडलेली नाही, पाहुणे म्हणजे जोडधंदा. २०२० ला सगळं बंद पडलं तेव्हा रिसॉर्टची पोरं घरी बसली, हे लोक शेतात होते.

एक स्टार का कापला तर फोन उचलत नाहीत. तीनदा लावला, शेवटी ॲपवरून बुक केलं, तर कळलं की ॲपवाल्याचं कमिशन यांच्याच हिश्श्यातून कापलं जातं. तेव्हा चिकाटीने फोनच करा, संध्याकाळी सातनंतर लागतो. आणि टॉर्च न्या, संडास अंगणापलीकडे आहे.