मोफत कायदा सल्ला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, परभणी: बहिणीचं काम नीट झालं

बहीण पोरीला घेऊन पुण्याहून माहेरी आली, पोरगी दोन वर्षं झाली परभणीच्याच शाळेत, अन् आता ताब्याची केस कुठं टाकायची हाच मोठा प्रश्न होता. एका खाजगी वकिलानं ठासून सांगितलं की नवरा पुण्यात तर केस पण पुण्यातच, बहीण तर रडायलाच लागली. इथल्या मॅडमनी आधी शांतपणे सगळं ऐकून घेतलं मग समजावलं की 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात कलम 9 आहे, त्यात बघतात ते लेकरू नेहमी कुठं राहतं, आईबाप कुठले ते नाही. पण चार दिवसाखाली उचलून आणलं म्हणून लेकरू लगेच तिथलं होत नाही, म्हणून शाळेचं बोनाफाईड, लसीचं कार्ड सगळं जोडायला लावलं. फॅमिली कोर्ट असेल तर तिथं, नसेल तर जिल्हा कोर्टात. अन् घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर त्याच कोर्टात कलम 26 खाली ताबा मागता येतो (हिंदू विवाह कायदा), हे तर आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. बायांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लई मोठा आधार आहे हा, जरूर जा.