स्टँडवाला टॅबलेट की छोटा लॅपटॉप? मी मांडीवर ठेवून ठरवलं

प्रवासात न्यायला छोटं मशीन घ्यायचं म्हटलं की फिरून फिरून गाडी दोनच गोष्टींवर येऊन थांबते. एक म्हणजे मागे स्टँड आणि पुढे चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड असलेला टॅबलेट, आणि दुसरा आपला साधा उघडमिटीचा लॅपटॉप, बारा-तेरा इंची. मी दोन्ही वापरलेत. टॅबलेट जवळपास दोन वर्षं वापरला आणि त्यानंतर लॅपटॉप घेतला तो अजून चालू आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल, पण टॅबलेटवर अन्याय करायचा नाहीये कारण त्याच्या काही गोष्टींची आजही आठवण येते.

प्रोसेसर, स्टोरेज वगैरेत शिरत नाही, ते तुम्ही बघालच. फक्त रॅमवर काटकसर करू नका, कारण इतक्या पातळ मशीनमध्ये ती बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवू म्हटलं तर वाढत नाही.

आधी वजनाचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात, मीही तिथूनच केलं होतं. टॅबलेटचं जे वजन लिहिलेलं असतं ते नुसत्या टॅबलेटचं असतं, कीबोर्ड त्यात धरलेला नसतो. २०२० चा अकरा इंची आयपॅड प्रो साधारण ४७० ग्रॅमचा, हातात घेतला की वाटतं बस, हेच पाहिजे. पण त्याच साली आलेला त्याचा मॅजिक कीबोर्ड एकटाच सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे कीबोर्ड टॅबलेटपेक्षा जड आणि दोन्ही मिळून किलोच्या वर. एम२ चिपचा मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे, मग वाचले किती, तर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. आता सरफेस गो सारखा दहा इंची घेतलात तर तो नुसता ५२२ ग्रॅमचा, त्याचा पातळ कव्हरसारखा कीबोर्ड लावूनही पाऊण किलोच्या आसपास राहतो, तिथे मात्र खरंच फरक पडतो. दिवसभर बॅग पाठीवर असली की संध्याकाळी खांद्याला कळतं, निदान मला तरी कळायचं. तेव्हा वजनात टॅबलेट पुढे, पण कीबोर्ड लावूनच वजन करा, आणि आणखी एक गोष्ट त्यात धरायची असते तिच्याकडे मी येतोच.

याहून छोटं काही आहे का, तर आहे. २००७ साली आसुसचा सात इंची ईई पीसी आला आणि नेटबुकची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची, लाट आली, ती लाट ओसरली तरी सात-आठ इंची पॉकेट लॅपटॉप बनवणारे अजून आहेत, जीपीडी पॉकेट २०१७ साली आला तो अर्ध्या किलोच्याही आत होता. सर्व्हर सांभाळणाऱ्याला किंवा गेम खेळणाऱ्याला ते ठीक असतील. दोन पानं सलग लिहायची असतील तर मी तिकडे जाणार नाही. खरं सांगायचं तर मला जो आकार सगळ्यात योग्य वाटायचा तो होता अकरा इंची मॅकबुक एअर, २०१० ते २०१६ मिळायचा, नाहीतर २०१५ चा बारा इंची मॅकबुक, ९२० ग्रॅमचा, पण तोही २०१९ ला बंद झाला. चांगले छोटे लॅपटॉप आता खरंच कमी उरलेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कीबोर्डबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपण मराठीत लिहिणारी माणसं आहोत आणि इंग्रजी आढाव्यांमध्ये हे कुठेच येत नाही. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. बारा-तेरा इंची लॅपटॉपवर ते बऱ्यापैकी तसंच मिळतं, दहा इंचीवर मिळत नाही, तिथे कुठेतरी जागा वाचवावीच लागते, आणि बऱ्याचदा ती वाचवतात उजव्या कडेची बटणं बारीक करून. इंग्रजीत तिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस असली बटणं आहेत, ती चिमुकली झाली तरी इंग्रजी टाइप करणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. पण इन्स्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण असतं त्या पद्धतीने, लिहिणाऱ्याचे च, ट आणि ड नेमके त्याच कडेला बसलेत आणि त्यांच्या शेजारी ॉ. घेण्याआधी त्या कीबोर्डवर 'डॉक्टर' आणि 'चॉकलेट' हे दोन शब्द चार-पाच वेळा लिहून बघा, बोट किती वेळा शेजारच्या बटणावर जातं ते मोजा. माझ्या टॅबलेटच्या कीबोर्डवर ट च्या जागी एंटर दाबला जायचा आणि वाक्याच्या मधेच नवी ओळ सुरू व्हायची. सवयीने ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही कधीच. तुम्ही फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून, लिहीत असाल तर हा त्रास तुम्हाला नाही, पुढे चला.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती, म्हणजे मांडी.

घरी टेबलावर स्टँडवाला टॅबलेट इतका छान उभा राहतो की त्यात काही खोट असेल असं डोक्यातही येत नाही. पण लॅपटॉपमध्ये बॅटरी, बोर्ड सगळं कीबोर्डच्या खाली असतं, जड भाग खाली आणि हलका स्क्रीन वर, म्हणून तो कुठेही ठेवा, बसतो. टॅबलेटचं बरोबर उलटं आहे. सगळं वजन स्क्रीनच्या मागे आणि कीबोर्ड म्हणजे जवळजवळ पुठ्ठा, म्हणून त्याला मागून टेकू लागतो, आणि टेकू म्हटलं की मागे जागा लागते. लॅपटॉपला पुढून मागे एक वीतभर जागा पुरते, टॅबलेटला कीबोर्डची खोली आणि त्यामागे स्टँड पसरतो ती जागा, दोन्ही लागतात. माझ्या मांड्यांवर ते मावायचं नाही. स्टँडची खालची पातळ कड बरोबर गुडघ्याशी यायची, जरा हललं की घसरून दोन पायांच्या मधे जायची आणि अख्खा टॅबलेट मागे लवंडायचा. उंच माणसाचं, लांब पायांच्या माणसाचं कदाचित निभेल, माझ्या एका उंच मित्राचं निभतं, तो खूश आहे, त्यामुळे हे सगळ्यांनाच लागू होईल असं मी म्हणत नाही.

पण माझ्यासाठी ते कसं होतं सांगतो. एकदा विमानाला साडेतीन तास उशीर झाला, गेटपाशी नुसत्या खुर्च्या, टेबल कुठेच नाही, आणि मला एक अहवाल दुरुस्त करून विमानात बसायच्या आत पाठवायचा होता. गुडघे घट्ट जुळवून टाचा उचलून बसलो तर टॅबलेट राहायचा, दहा मिनिटांनी पाय भरून यायचे, पाय सैल सोडले की स्टँड घसरायचा. जोरात टाइप केलं की स्क्रीन डुगडुगायचा. बाजूची बाटली घ्यायला वाकलो तेव्हा कीबोर्ड सुटला आणि टॅबलेट घरंगळला, सुदैवाने पायावर पडला म्हणून वाचला. शेवटी बॅग मांडीवर घेतली, तिच्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवलं, पुस्तकावर टॅबलेट ठेवला आणि तसा अहवाल पूर्ण केला. मशीनच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला नाही वाटत हा त्या एका मशीनचा दोष आहे, ती रचनाच तशी आहे.

त्यानंतर मी प्रवासात एक पातळ प्लायची फळी न्यायला लागलो. खास कापून घेतली, कडा घासून घेतल्या, बॅगेच्या मागच्या कप्प्यात अगदी नीट बसायची. खरंच उपयोगी पडली, बाकावर, पायरीवर, कुठेही बसून काम व्हायला लागलं. मग एका प्रवासाआधी बॅग भरताना सहज सगळं काट्यावर ठेवलं, टॅबलेट, कीबोर्ड आणि फळी. एकट्या फळीचंच वजन तीनशे ग्रॅम. म्हणजे हलका म्हणून जो घेतला होता तो फळी धरून लॅपटॉपइतकाच झाला होता, आणि लॅपटॉपला फळी लागत नाही. मघाशी वजनात आणखी एक गोष्ट धरायची म्हटलं ती हीच. त्या दिवशी मी काट्यासमोर जरा वेळ नुसता उभा होतो, पुढच्या महिन्यात लॅपटॉप घेतला.

विमानातल्या सीटमागच्या ट्रेवरही हेच होतं, ट्रेची खोली कमी, स्टँड मागे पसरला की कीबोर्ड पुढे अर्धा पोटावर. उलट लॅपटॉपची भीती वेगळी, पुढच्याने सीट मागे टाकली की स्क्रीनची वरची कड सीटच्या खाचेत अडकून दाबली जाऊ शकते. चौदा इंचीला हा धोका जास्त, बारा-तेराला कमी, तरी पुढचा हलायला लागला की मी हात स्क्रीनवर ठेवतो.

चार्जिंगमध्ये मात्र टॅबलेट सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. त्याची बॅटरी लहान, पंचवीस-तीस वॉट-अवरची, फोनच्या चार्जरवरही हळूहळू का होईना भरते, साध्या पॉवर बँकेवर भरते. लॅपटॉपची त्याच्या दीडपट-दुप्पट असते आणि बरेच लॅपटॉप कमी वॉटचा चार्जर लावला की एकतर कुरकुरतात नाहीतर घेतच नाहीत. माझ्या लॅपटॉपला यूएसबी-सी पीडीचा (यूएसबी-सी वरून जास्त वॉट देणारा) ४५ वॉटचा चार्जर पुरतो, त्यावरच फोनही होतो, म्हणून एकच चार्जर नेतो. गोल पिनेचा स्वतःचाच चार्जर लागणारा लॅपटॉप प्रवासासाठी घेऊ नका, बाकी कितीही चांगला असला तरी. पॉवर बँक घेताना मात्र हिशोब करा. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि ती केबिनमध्येच न्यायची, चेक-इनच्या सामानात नाही. बँकेवर आकडा मिलिअँपिअर-अवरमध्ये असतो, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा, म्हणजे २०,००० ची बँक ७४ वॉट-अवर झाली. त्यातलंही थोडं वाटेत वाया जातं, लॅपटॉप एकदा भरेल एवढं धरा, टॅबलेट दोनदा.

झोपवून ठेवण्यातही टॅबलेट सरळ आहे, निदान आयपॅड किंवा अँड्रॉइड तरी. विंडोज लॅपटॉपचं झाकण लावून बॅगेत टाकला आणि काढला तर गरम, बॅटरी अर्धी, हे माझ्या बाबतीत दोनदा झालं. त्यावर उपाय आहे, झाकण लावल्यावर स्लीप ऐवजी हायबरनेट व्हावं, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद व्हावं, असं सेटिंग करून टाका, उघडल्यावर थोडे सेकंद जास्त लागतात पण बॅटरी असते तिथेच राहते. मी ते केल्यापासून तक्रार नाही.

आणि वाचन. रात्री आडवं पडून पीडीएफ वाचायची, कीबोर्ड काढून नुसता टॅबलेट हातात, उभा धरला की पान पुस्तकासारखं पूर्ण दिसतं, हे सुख लॅपटॉपवर नाही. पेनाने समासात खुणा करायच्या, नकाशावर रेघ मारायची, सिमवाला असेल तर गाडीतच मेल बघायची, या सगळ्यात टॅबलेट फार पुढे. मी आता वाचन फोनवर करतो आणि ते तितकं बरं नाही, हे कबूल करतो.

तेव्हा तुमच्या प्रवासात वाचणं, बघणं, खुणा करणं जास्त आणि टाइप करणं म्हणजे चार ओळींचं उत्तर असेल, किंवा तुम्हाला रोज रात्री खोलीत टेबल मिळणारच असेल, तर टॅबलेट घ्या, वाईट वाटणार नाही. पण जिथे बसाल तिथे लिहायचं असेल, प्लॅटफॉर्मवर, बसमध्ये, कुणाच्या तरी ओट्यावर, तर मी लॅपटॉपच सांगेन. बारा-तेरा इंची, सव्वा किलोच्या आत, स्क्रीनच्या रुंदी-उंचीचं प्रमाण शक्यतो ३:२ किंवा १६:१०, कारण १६:९ वर या आकारात मजकुराच्या ओळीच फार थोड्या दिसतात. सरफेस लॅपटॉप गो २०२० साली आला तो साडेबारा इंचीच्या आतबाहेर आणि ३:२ स्क्रीनचा, १.११ किलो, या जातीचं काही मिळालं तर आधी बघा.

आणि बघायला गेलात की काउंटरवर ठेवून बघू नका. एक खुर्ची मागा, टेबलापासून लांब बसा, मांडीवर घ्या, पाय नेहमीसारखे सैल सोडा आणि अर्धं पान लिहा. मग मशीन बंद न करता एका हाताने उचलून उभे राहा आणि पुन्हा बसा. एवढं झालं की बाकी काही विचारायला उरत नाही.

माझा टॅबलेट आता बहीण वापरते, पेनाने चित्रं काढते, तिला त्याचा कीबोर्ड कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.