टीपी-लिंक टीएल-एमआर६४००: राउटर बरा, मेख वायरीत

गावात फायबरचं कनेक्शन मिळत असेल तर पुढे वाचू नका, सरळ ते घ्या. पण भारतनेटची (गावोगावी फायबर नेण्याची सरकारी योजना) केबल ग्रामपंचायतीच्या कपाटात येऊन थांबली आहे, टॉवर दोन-चार किलोमीटरवर आहे आणि टीव्हीवर चित्रापेक्षा गोल चक्रच जास्त वेळ दिसतं, अशा घरासाठी सिम टाकायचा हा राउटर कामाचा आहे.

मागच्या दोन फोरजी अँटेना फिरवून काढता येतात, हे याचं खरं भांडवल. बाकी डबा साधाच: फोरजी कॅट-४ (म्हणजे फोरजीची साधी वेगश्रेणी), वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ, लॅनचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. नेटफ्लिक्स १०८०पीला ५ एमबीपीएस मागतं, ७२०पीला ३, त्यामुळे तेवढं पुरतं. घेताना खोक्यावरचे बँड (राउटर कोणत्या फोरजी लहरी पकडतो त्यांचे क्रमांक) मात्र वाचा, आवृत्तीगणिक ते बदलतात. जिओचं फोरजी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं. लांबवर पोचतो तो ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ. वावरातल्या घराला तोच हवा.

नुसता राउटर आणून टीव्हीशेजारी ठेवला तर मोबाईलच्या हॉटस्पॉटपेक्षा फार फरक पडत नाही. वर टिन असेल तर सिग्नल आत येतच नाही. म्हणून बाहेर दिशादर्शक, म्हणजे टॉवरकडे तोंड करून लावायची, दोन वायरींची अँटेना लावायची, आणि पैसे वाया जातात ते इथेच. दुकानदार अँटेनासोबत दहा मीटर काळी बारीक वायर देतो. ती आरजी-५८ असेल तर २३०० मेगाहर्ट्झला (बँड ४०) मीटरमागे साधारण १ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) खाते. अँटेनाने कमावलेले ९-१० डीबी वायरीतच जिरतात आणि लोक राउटरला शिव्या घालतात. एलएमआर-२०० वायरीत हे नुकसान जवळपास निम्मं होतं, पण खरा उपाय वायर तोकडी ठेवण्याचा. अँटेनाची वायर दोन-तीन मीटरच ठेवा, राउटर वरच्या खोलीत किंवा जिन्याच्या टोपीत बसवा आणि तिथून खाली टीव्हीपर्यंत कॅट-६ लॅन केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, आणि टीव्हीला वायफायची गरजच उरत नाही.

राउटर उघड्या स्लॅबवर पेटीत बंद करून ठेवू नका. कंपनीने दिलेली मर्यादा ४० अंशांची आहे, आणि अकोला-चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या वर जातो. सावली आणि वारा दोन्ही हवं. कूलरच्या मागेही नको, पत्र्याची बॉडी वायफाय अडवते.

अँटेनाच्या दोन्ही वायरी राउटरला जोडा. एकच जोडली तर मायमो (दोन अँटेनांवरून एकाच वेळी डेटा नेण्याची सोय) जातं आणि वेग पडतो. जोडणी एसएमए (आट्यांची छोटी गोल पिन) हवी. वायफायच्या अँटेनाला बहुधा आरपी-एसएमए असते. दोन्ही सारख्या दिसतात, आटेही बसतात, पण मधली पिन जुळत नाही. वायरीच्या टोकाला मधोमध पिन आहे का, ते दुकानातच पाहा.

दिशा ठरवताना काड्या बघू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलचा जोर) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) दिसत असतील तर ते बघा, नाहीतर बहुतेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* लावून छपरावर उभं राहा. आरएसआरपी उणे ८०-९० उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर अवघड. त्याहून मोलाचा एसआयएनआर: १३ च्या वर असला की काम झालं, शून्याजवळ असेल तर सिग्नल जोरात दिसूनही व्हिडिओ अडकतोच. अँटेना थोडी थोडी फिरवून दर वेळी मिनिटभर थांबायचं. कधी जवळच्या टॉवरपेक्षा लांबचा, कमी गर्दीचा बरा निघतो. मेळघाट-गडचिरोलीकडे, जिथे मध्ये सागाचं रान आहे, तिथे ही जुळणी पावसाळ्यात करा. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, तेव्हा मिळालेला आकडा श्रावणात टिकत नाही.

वानरांचा त्रास असेल तिथे वायर जीआय पाइपच्या आतून न्या. आभाळ भरून आलं की, विजा चमकायच्या आधीच, दोन्ही वायरी आणि लॅन केबल सोडवा. आणि बाजारातला 'सिग्नल बूस्टर' घेऊ नका. परवानगीशिवाय तो बेकायदेशीर आहे, वर शेजाऱ्यांचं नेटवर्कही बिघडवतो. नुसत्या अँटेनाचं तसं नाही.

अँटेनाने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. पहाटे ३० एमबीपीएस आणि रात्री नऊला २, तर टॉवरवर गर्दी आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर एचडी पाहिलं तर नेटफ्लिक्स तासाला ३ जीबीपर्यंत खातं. सिनेमा संपायच्या आत पॅक संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि लोक त्याला नेट खराब म्हणतात. नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर, अकाउंटच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये डेटा 'मध्यम'वर ठेवा, तासाला ०.७ जीबीत भागतं. वेग भरपूर असून चित्र धूसरच असेल तर टीव्ही बॉक्स पाहा: वाइडवाइन एल१ (व्हिडिओची चोरी रोखणारं प्रमाणपत्र) नसलेल्या स्वस्त बॉक्सवर नेटफ्लिक्स एचडी देतच नाही.

लाइन गेली की राउटर बंद, परत आली की टॉवर शोधायला दोन-तीन मिनिटं. मिनी यूपीएस लावा, पण अॅडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा वाचूनच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलात तर डबा जळू शकतो.