आंकरचे दगडी ठोकळे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील रुडोल्श्टाट या लहान शहरात तयार झालेली, आंकर या खेळण्यातल्या बांधकामाच्या ठोकळ्यांची एक जुनी पेटी, क्रमांक 6 ची, गेल्या हिवाळ्यात मी लाइप्त्सिशच्या जुन्या बाजारात विकत घेतली. ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असल्याचे विक्रेत्याने सांगितले, आणि सोबतची पुस्तिका पाहता त्यावर शंका घेण्याचे काही कारण दिसले नाही. तेव्हापासून ही पेटी घरात नेमाने उघडली जाते. तिच्यातून घरे, वेशी आणि बुरूज उभे राहतात आणि झोपण्यापूर्वी सगळे पुन्हा पेटीत जाते. पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारांत हे ठोकळे मी कधी पाहिले नाहीत. त्यामुळे जर्मनीत किंवा शेजारच्या देशांत राहणारे, अथवा तिकडून कोणाकडून तरी मागवू पाहणारे मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहीत आहे.

हे ठोकळे कृत्रिम दगडाचे आहेत. क्वार्ट्झची वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण साच्यात दाबून, मग त्याला उष्णता देऊन ते घडवले जातात. रंग मिश्रणातच कालवलेला असल्यामुळे कडेचा टवका उडाला तरी आतून तोच रंग दिसतो. रंग तीनच आहेत: विटेसाठी तांबडा, वालुकाश्मासाठी पिवळसर आणि छपरावरच्या पाटीच्या दगडासाठी करडा-निळा. लेगोची सवय असलेल्या आमच्या लेकीला सुरुवातीला हे तीन रंग फारच कमी वाटले, आणि तिचे म्हणणे मला तेव्हा पटलेही. आता मात्र मला ही निवड फार शहाणपणाची वाटते, कारण रंग ठोकळ्याचे काम सांगतो. निळा ठोकळा हातात आला की तो वरच जाणार, हे लहान मुलालाही न सांगता उमगते.

या मिश्रणाची कल्पना ओट्टो आणि गुस्टाफ या लिलिएन्टाल बंधूंची. त्यांपैकी ओट्टो म्हणजे पंख बांधून टेकड्यांवरून झेप घेणारा आणि 1896 मध्ये अशाच एका उड्डाणातील अपघातानंतर मरण पावलेला विमानविद्येचा प्रसिद्ध आद्य प्रयोगकर्ता. ठोकळे उत्तम होते, पण भावांना ते विकता आले नाहीत, म्हणून 1880 मध्ये त्यांनी सारे हक्क फ्रीडरिश आडोल्फ रिश्टर या उद्योजकाला 1000 मार्कांना देऊन टाकले. रिश्टरचा मूळ धंदा औषधांचा होता आणि जाहिरात कशी करावी हे त्याला नेमके ठाऊक होते. 1882 पासून त्याने या पेट्या बाजारात आणल्या, त्यांवर जहाजाच्या नांगराचे (जर्मनमध्ये आंकर) चिन्ह छापले आणि पुढे व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्कपर्यंत त्या पोहोचवल्या. नंतर लिलिएन्टाल बंधूंनी तेच ठोकळे पुन्हा विकू पाहिले, तेव्हा त्याने त्यांना न्यायालयात खेचले, आणि मूळ कल्पकच दावा हरले. पेटीच्या झाकणावरचा तो नांगर पाहताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. योगायोग असा की फ्रीडरिश फ्र्योबेलने 1840 मध्ये ज्या बाट ब्लांकेनबुर्गमध्ये आपल्या बालशिक्षणाच्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले, ते गाव रुडोल्श्टाटच्या अगदी शेजारी आहे. ठोकळ्यांनी खेळणे म्हणजे शिकणे, हा विचार त्या परिसराला नवा नव्हता.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. या ठोकळ्यांना एकमेकांत अडकवण्यासाठी खुंटी नाही, खाच नाही, चुंबक नाही. हेमाडपंती देवळांत चुना नसला तरी दगड खाचांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. येथे तीही सोय नाही. जे काही उभे राहते ते केवळ वजनावर आणि मापाच्या अचूकपणावर. मोठ्या मापाच्या पेट्यांत मूळ घन 25 मिलिमीटरचा असतो आणि बाकीचे बहुतेक ठोकळे त्याच्या अर्ध्या, दीडपट, दुप्पट अशा पटींत बेतलेले असतात. (20 मिलिमीटरवर आधारलेली लहान मापाची मालिकाही होती, दोन्हींची सरमिसळ करून काही हाती लागत नाही.) इतकी दशके लोटूनही माझ्या पेटीतील दोन अर्धे ठोकळे एका घनाशेजारी ठेवले तर वरून बोट फिरवताना सांधा नखाला लागत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

कमान बसवणे हा या खेळातला सर्वांत कसोटीचा भाग आहे. कमानीचा ठोकळा एकसंध असतो आणि त्याचे दोन पाय दोन खांबांवर टेकवायचे असतात. एक खांब केसभर आत सरकलेला असला, तरी कमान ठेवताना ते लक्षात येत नाही, कारण ती व्यवस्थित बसल्यासारखी दिसते. वर आणखी दोन थर चढले आणि त्यांवर निळ्या छपराचे ठोकळे आले की एका बाजूची भिंत हळूच बाहेर झुकू लागते, आणि मग कोठे हात लावावा हे कळण्याच्या आत सगळे खाली येते. आमच्या घरासमोरून ट्राम जाते आणि ती वळणावर आली की टेबलाला अगदी सूक्ष्म कंप येतो. त्यामुळे उंच बांधकाम आम्ही आता जमिनीवरच करतो. लेकीने स्वतःच शोधलेला उपाय असा की खांब रचून झाले की त्यांच्यामध्ये कमानीच्या दोन पायांमधल्या अंतराइतक्या लांबीचा एक आडवा ठोकळा तात्पुरता ठेवायचा, कमान बसवायची आणि मग तो काढून घ्यायचा. गवंडी कमानीखाली लाकडी आधार देतो त्याची तिला काही कल्पना नव्हती.

सोबतच्या पुस्तिकेत इमारतींची नुसती चित्रे नसतात, तर प्रत्येक थराचा आडवा छेदही दिलेला असतो, आणि त्यावरून कोणता ठोकळा कोठे आहे हे वाचायचे असते. पहिल्या काही दिवसांत हे कंटाळवाणे वाटते. एकदा छेद वाचता येऊ लागले की मात्र दर्शनी चित्राकडे पाहण्याची गरजच उरत नाही. ज्यांना मुलांना आराखडा वाचायला शिकवायचे आहे त्यांच्यासाठी यापेक्षा चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि हे मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता म्हणून म्हणतो आहे.

परंतु या खेळण्याचे खरे वैशिष्ट्य माझ्या मते बांधण्यात नसून ते आवरण्यात आहे. ठोकळे सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत एकाच ठरलेल्या पद्धतीने बसतात आणि त्यासाठीही थराथराचा आराखडा दिलेला असतो. कमानीच्या पोटात कोणता ठोकळा जातो, छपराचे तिरपे ठोकळे उलटसुलट जोडून त्यांची सरळ लादी कशी होते, हे सारे त्यात दाखवलेले असते. नीट भरले तर झाकण अडथळ्याशिवाय सरकते, आणि एक ठोकळा जरी आडवा पडला तरी ते अर्ध्यावर अडते. एखादा ठोकळा सोफ्याखाली राहिला असेल तर पेटीत त्याच्याच आकाराची पोकळी दिसते आणि शोधाशोध तिथेच सुरू होते, त्यामुळे आमचा एकही ठोकळा आजवर हरवलेला नाही. पेटी वाढवण्याची पद्धतही याच तर्काने चालते: 6 क्रमांकाच्या पेटीला 6ए ही पूरक पेटी जोडली की तुमच्याकडे 8 क्रमांकाचा संच होतो, त्याला 8ए जोडली की 10, आणि असेच पुढे. प्रत्येक टप्प्यावर नव्या इमारतींची पुस्तिका मिळते. हा जाहिरातीचा चतुर डाव आहे हे उघड आहे, आणि मी त्याला बळी पडलो आहे हेही.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. ठोकळे जड आहेत. पायावर पडले तर लागते, आणि फरशीवर पडले तर त्यांचा कोपरा जातो. जुन्या ठोकळ्यांच्या कडा आधीच थोड्या गोलावलेल्या असतात आणि तासभर खेळल्यावर बोटांवर बारीक भुकटी बसते. मी ते मऊ कोरड्या ब्रशने झटकतो, त्यापलीकडे काही करत नाही. झाकण उघडताच जवसाच्या तेलाचा मंद वास येतो, तो मला आवडतो, पण घरात सर्वांनाच आवडतो असे नाही. अगदी लहान मुलांसाठी हे खेळणे नाही. पाच-सहा वर्षांपुढील आणि हात स्थिर असलेल्या मुलांसाठी ते आहे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांसाठी.

जुनी पेटी घ्यावी की नवी, हा प्रश्न अनेकजण विचारतात. पूर्व जर्मनीच्या काळात 1963 मध्ये रुडोल्श्टाटमधील उत्पादन थांबले आणि 1995 मध्ये तेथेच पुन्हा सुरू झाले. नव्या ठोकळ्यांच्या कडा धारदार आहेत, रंग अधिक उजळ आहेत, आणि माप तेच असल्यामुळे जुन्यांबरोबर ते बिनदिक्कत चालतात. माझ्या पेटीतील टवके उडालेले काही तांबडे ठोकळे मी नव्यांनी बदलले. शेजारी ठेवल्यावर छटेतला फरक जाणवतो, पण बांधकामात तो खुलूनच दिसतो. केवळ खेळायचे असेल तर नवी पेटी घेणे सोपे आणि बिनघोर आहे. जुन्या पेट्यांचे आकर्षण आहे ते कमानी, मिनार आणि लोखंडी पूल असलेल्या मोठ्या व दुर्मीळ संचांमुळे, आणि त्या पुस्तिकांमधील बारीक छपाईमुळे.

खरेदी करताना ठोकळे मोजत बसू नये. सुट्या ठोकळ्यांची पिशवी स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये, कारण त्यांतील अर्ध्या आकारांना आपल्याकडे जागाच नसते. एका विक्रेत्याने पूर्ण म्हणून दाखवलेल्या पेटीत दोन निळ्या ठोकळ्यांच्या जागी कापलेले लाकूड कोंबले होते, आणि ते वरच्या थराखाली असल्याने सहज दिसत नव्हते. म्हणून पेटीचा क्रमांक, भरण्याचा आराखडा आणि प्रत्येक थर उघडा करून घेतलेले छायाचित्र या तीन गोष्टी मागाव्यात. ज्याला त्या देता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नये. लहान, वापरलेल्या पेट्या शंभर युरोंच्या आत मिळतात, तर मोठ्या आणि पूर्ण संचांना शेकडो युरो मोजावे लागतात. टपालाने मागवताना वजनामुळे वाहतुकीचा खर्च लहान पेटीच्या किमतीच्या बरोबरीने जाऊ शकतो, त्यामुळे शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊनच आणावी. 6ए ची पूरक पेटी मी त्याच पद्धतीने शोधतो आहे आणि तिची पुस्तिका मूळची असेल तर थोडे जास्त मोजायचीही माझी तयारी आहे.