दसरा ते आखाजी : नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेचा अनुभव

नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी फ्लुटिकासोन फ्युरोएट या स्टेरॉइडचा स्प्रे दसऱ्याला सुरू केला, आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. औषध चांगलं आहे. पण ज्याला पहिल्याच फवाऱ्याला नाक मोकळं झालेलं हवंय, त्याने पैसे घालवू नयेत.

आमच्याकडे नाक चोंदलं की मेडिकलवरून थेंबांची बाटली आणायची रीत आहे. झायलोमेटाझोलिनचे ते थेंब काही मिनिटांत नाक उघडतात, म्हणून लोकांचा जीव त्यांच्यावर. ते फक्त फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात. तीन-पाच दिवसांच्या वर टाकत राहिलं, की असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस बाटली उशाशी घेऊन झोपायला लागतो. वर ‘हाड वाढलंय’ म्हणत फिरतो. पुष्कळदा सुजलेलं असतं ते आतलं अस्तर. स्प्रे ही सूज मुळातून उतरवतो, पण सावकाश. माझा पहिला आठवडा फुकट गेल्यासारखा वाटला, मग पहाटेच्या सटासट शिंका कमी झाल्या. आमच्या शालकांनी दोन दिवस मारून बाटली कपाटात टाकली आणि ‘बोगस आहे’ म्हणाले. तिथेच सगळे चुकतात. हे रोजचं औषध आहे, लागेल तेव्हाचं नाही.

मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर बसतो. त्यामुळे सगळ्यांनी खापर कापसाच्या तुसावर फोडलं. ‘काय व्हयनं भाऊ, रुई लागनी का?’ असं हमालसुद्धा विचारायचे. डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली. तिच्या आधी आठवडाभर सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर गांधच उठत नाही. गांधी उठल्या त्या धुळीतल्या माइटच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या, आणि गाजर गवताच्या. तुसाने नाक हुळहुळतं, नाही असं नाही, पण खरा वैरी काट्यामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कमरेएवढा उभा होता. पावसाळा सरताना पांढऱ्या फुलोऱ्याने नुसता भरलेला असतो.

आता मारायची पद्धत, कारण अर्धा गुण त्यात आहे. बाटली हलवायची, नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत फवारे सोडायचे. नाक शिंकरून मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर थेट फवारा बसला तर घोळणा फुटू शकतो. श्वास हळूच घ्यायचा. जोरात ओढलं की औषध थेट घशात.

मला दोन फवारे प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून एकदा असं लिहून दिलंय. १२० फवाऱ्यांची बाटली ३० दिवसांत संपते, आणि खर्च दरमहा चालूच राहतो. ही माझी पहिली तक्रार. दुसरी उन्हाळ्याची. जळगाव-भुसावळचा मार्चनंतरचा कोरडा वारा सुरू झाला तसे रुमालावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. डॉक्टरांनी स्प्रे काही दिवस थांबवला, मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. पाणी उकळून गार केलेलंच हवं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते टाकीत साठवतो. तसलं पाणी नाकात घालू नये. क्वचित का होईना, पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो आणि मग माणूस बहुधा वाचत नाही.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांचा चेहरा बदलतो. नाकात मारलेल्या या औषधातलं एक टक्क्याहूनही कमी रक्तात पोचतं. तरी महिनोन्महिने वापरायचं तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. काचबिंदू, मोतीबिंदू असेल तर आधी सांगावं. मुलांच्या उंचीवरही डॉक्टर लक्ष ठेवतात.

एकट्या स्प्रेवर भागत नाही, हेही खरं. माइट हवेतल्या ओलाव्यावर जगतात. कडक उन्हाळ्यात त्यांना ओलावा मिळत नाही, आणि आपण बंद खोलीत कूलर लावून तो पुरवतो. यंदा कूलरचं जुनं, कुबट गवत बदललं, खिडकी उघडी ठेवली, गाद्या-उशांच्या खोळी कडक गरम पाण्यात धुतल्या. गादी-उशीचा कापूस मात्र वर्षानुवर्षं तोच; तो बदलायला सौ. तयार नाही, माहेरहून आलेली गादी आहे म्हणे.

डॉक्टरांनी इम्युनोथेरपीही, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणं, सुचवलीय. तीन ते पाच वर्षं चालते, मी तूर्त नाही म्हटलंय. गाजर गवताच्या फुलोऱ्याच्या पंधरा दिवस आधीपासून स्प्रे नियमित ठेवायला सांगितलंय आणि प्लॉटमालकाला गवत काढायला मी सांगितलंय. त्याचं अजून ‘बघू’ चाललंय.