कंबर-मान मोजणारे सेन्सर: ऊसतोडीच्या एका हंगामानंतर

केजला माझं छोटं फिजिओथेरपी सेंटर आहे. दिवाळीच्या आधी, टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात असताना, अंगावर लावायच्या मोशन सेन्सरची एक जोडी घेतली. आता मे आलाय, माणसं फडावरून परतलीत आणि कंबर धरलेल्यांची रीघ लागली आहे. काही जणांची जाण्याआधीची आणि आल्यानंतरची, अशी दोन्ही मापं हाताशी आहेत, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. या जातीच्या बहुतेक यंत्रांना हे लागू पडेल.

काडेपेटीएवढ्या दोन डब्या. आत अ‍ॅक्सेलरोमीटर (गुरुत्वाकर्षणावरून कल ओळखणारा), जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) आणि मॅग्नेटोमीटर (होकायंत्रासारखा दिशा धरणारा). एक डबी माकडहाडाच्या वर बसते, दुसरी शेवटच्या बरगडीच्या पातळीला पाठीच्या मध्यावर. माणूस पुढे वाकला की खालच्या डबीचा कल म्हणजे खुब्यातून झालेलं वाकणं, आणि दोन्ही कलांतला फरक म्हणजे कंबरेच्या मणक्यांचं. मानेसाठी एक कपाळावर आणि एक मानेच्या बुडाशी.

माझे पैसे वसूल झाले ते खुबा आणि कंबर अशा या विभागणीमुळे. एका ताईंचे तळहात वाकल्यावर आरामात जमिनीला टेकत होते. घरचे म्हणत, हिला काही झालेलं नाही, नाटकं करते. मोजलं तर कंबरेचे मणके जवळजवळ हललेच नव्हते, सगळं वाकणं खुब्यातून. आता हे टेपनंही कळतं म्हणा. उभ्या माणसाच्या कंबरेवर १५ सेंटीमीटरची रेघ आखायची, वाकल्यावर ती साधारण २० च्या पुढे ताणली गेली पाहिजे. पण टेपला वेग दिसत नाही. दुखणारा माणूस हळू वाकतो, मध्येच अडखळतो, वर येताना मांडीला हात लावतो. बरं वाटायला लागलं की माझ्या पेशंटांत अंश वाढण्याआधी वेग वाढलेला दिसतो. मी आता आलेखात आधी तोच बघतो.

माप सकाळचं असेल तर पुन्हा सकाळीच घ्या. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळी कंबर ताठच असते. सकाळच्या एसटीनं आलेला माणूस पुढच्या वेळी दुपारी आला, तर निम्मी ‘सुधारणा’ घड्याळाची. पाच-सात अंशांचा फरक मी तसाही फरक धरत नाही. डबी हाडावर नसते, कातडीवर असते, आणि पोट सुटलेल्या माणसाची कातडी हाडाबरोबर जात नाही. कमरेचा पट्टा मात्र आधी काढायला सांगा. (जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे पट्टे सरसकट वापरू नका असं आहे. आमच्याकडे पट्टा नसलेला पेशंट शोधावा लागतो.)

मानेचं डावी-उजवीकडे वळणं मोजताना यंत्रानं फार छळलं. पुढे-मागे आणि बाजूला झुकणं गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं मोजता येतं. ताठ बसून मान वळवली की तो आधार उरत नाही. जायरोस्कोप हळूहळू भरकटतो, मॅग्नेटोमीटर उत्तर दिशा धरून त्याला सावरायला बघतो, आणि शेजारी लोखंडी खाट नि कपाट असलं की तोही फसतो. लाकडी स्टूल खोलीच्या मध्यावर आणल्यावर बराच फरक पडला. उताणं झोपवून मान वळवायला लावली तर आणखी बरं, कारण मग त्या वळण्याचा कल होतो.

एप्रिलपासून घामानं चिकटपट्ट्या सुटायला लागल्या. स्पिरिटनं पुसून लवचीक पट्ट्यानं बांधतो. बायकांना ब्लाउज-परकरावरून बांधावं लागतं, त्यासाठी मावशींना थांबवून घेतो.

वाकलं की थरथरून इशारा देण्याची सोय मी बंद करून टाकली. एक आजी म्हणाल्या, “आरं लेकरा, खुरपण काय उभ्यानं करू का?” ‘मोबाइल बघताना मानेवर २७ किलोचं ओझं’ हा मेसेज घेऊनही लोक येतात. तो आकडा २०१४ च्या एका संगणकीय मॉडेलमधला, मान ६० अंश वाकल्यावरचा. कुणाच्या मानेवर मोजलेला नव्हे. सतत इशारे मिळाले की माणूस वाकायलाच भितो, आणि कंबरदुखीत ती भीती फार वाईट.

अंश वाढले पण दुखणं तसंच, किंवा दुखणं गेलं पण अंश जागेवर, दोन्ही प्रकारचे लोक भेटले. म्हणून कंबरदुखीमुळे रोजच्या कामात किती अडतं ते विचारणारी ऑस्वेस्ट्रीची दहा प्रश्नांची जुनी प्रश्नावली मी सोडलेली नाही. त्यात माझा एक प्रश्न जोडतो: मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येतं का? “गादी सरकलीय का ते दाखवा त्यात,” असं पेशंट म्हणतात. ते या यंत्राला दिसत नाही, आणि बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवावं असं एक कारण एमआरआयमध्येही सापडत नाही. पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, बसायची जागा बधिर झाली असेल, तर डब्या बाजूला ठेवून पेशंटला तडक मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

विकत घेणार असाल तर आधी दोन गोष्टी विचारा. इंटरनेट नसताना माप घेता येतं का? आणि मोजलेले अंश फाइल म्हणून आपल्या हातात मिळतात का, की फक्त रंगीत गुण? माझ्याकडच्या यंत्रात पहिलं जमतं. दुसऱ्यासाठी वर्षाची वेगळी फी भरावी लागली, आणि अहवाल अजूनही इंग्रजीतच निघतो.