शेवटचे दिवस: घर, वारज्याचं सेंटर की हॉस्पिटल?

कॅन्सरच्या पेशंटची केमो थांबली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "मग घरी नेणार ना?" उत्तर देण्याआधी एवढं ठरवा: रात्री दोनला उठणार कोण? माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

घरी आपली माणसं, आपली खोली. फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारी खाट) आणि एअर बेड (हवेची गादी) पुण्यात भाड्याने सहज मिळतात. खरी मेख आहे ब्युरोच्या, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या, माणसात. बारा तासांची मावशी अंग पुसेल, डायपर बदलेल, दर दोन तासांनी कूस बदलून देईल. पण इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), जखमेचं ड्रेसिंग हे तिचं काम नव्हे. त्याला शिकलेली नर्स लागते, तिचे पैसेही वेगळे. फोनवरच स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी अडचण मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाची. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा त्यासाठी सैल झाला, तरी ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळेल असं धरू नका. दुखायची वाट न पाहता गोळी घड्याळ लावून द्यायची, साधी (हळूहळू काम करणारी नव्हे) असेल तर सहसा दर चार तासांनी. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. "सवय लागेल हो" म्हणणारे एखादे मामा येतातच. त्यांना चहा द्या, गोळी चुकवू नका.

पुण्यातल्या वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर 1997 पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटला तिथे खर्च येत नाही, घरचं माणूस सोबत राहतं. नर्स त्यालाही शिकवतात: कोरडं पडलेलं तोंड ओल्या गॉजने हलकेच कसं पुसायचं, गिळवत नसताना "दोन घास तरी खा" म्हणून भरवलं की ठसका लागून ते छातीत कसं जातं. तिथे गेलं म्हणजे संपलंच, असं मुळीच नाही. वेदना आटोक्यात आल्या की पेशंट घरी परततात, सेंटरची होमकेअरची सोयही आहे. मला विचाराल तर आधी वारजे, मग घर.

हॉस्पिटल गाठायचं ते अचानक रक्तस्राव झाला, हाड मोडलं, पायांतली ताकद एकाएकी गेली तर. आयसीयूत भेटायच्या वेळा ठरलेल्या. व्हेंटिलेटर नको असेल तर भरती करतानाच डॉक्टरांशी बोलून लेखी करून घ्या.

घरीच ठेवणार असाल तर फॅमिली डॉक्टरांनाही आत्ताच सांगून ठेवा. मृत्यूचं सर्टिफिकेट सहसा त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं, आणि रविवारी पहाटे ते गावाला गेलेले असले तर वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं अडून बसतं.